खुलासा: एफआयआर झाला की घर सरकारजमा?

‘नव्या कायद्यात एफआयआर होताच पोलीस घर-जमीन सरकारजमा करतात’ हा मेसेज काल मीही पुढे ढकलला. चूक झाली. त्या नव्या कायद्याचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम १०७ नंतर काढून वाचलं. तपास अधिकाऱ्याला आधी पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांची मंजुरी लागते, मग कोर्टात अर्ज. कोर्टाची कारणे दाखवा नोटीस आली की उत्तराला १४ दिवस. (तात्पुरती जप्ती मात्र नोटिशीआधीही होऊ शकते, तेवढं खरं.) मालमत्ता गुन्ह्यातूनच आल्याचं कोर्टाला दिसलं, तर जिल्हादंडाधिकारी ६० दिवसांत तिची रक्कम आधी नुकसान झालेल्यांना वाटतात, दावेदार नसतील किंवा काही उरलं, तरच सरकारजमा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.