डॉक्टरसाहेब, घाई करू नका

पीएचडीचा शोधप्रबंध जमा झाला, काळ्या बांधणीवर सोनेरी अक्षरांत आपले नाव उमटले, आता पुढे काय, असा प्रश्न आपणांस पडला असेल, तर तो आधी मनातून काढून टाकावा. सूर्याचे संक्रमण एका दिवसात उरकते, म्हणून आपले पदवीकडून नोकरीकडचे संक्रमणही तिळगुळ वाटेपर्यंत आटोपेल, असे मानणे हा संशोधकाला न शोभणारा उतावीळपणा होय. पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून उभी आहे, गणेशखिंडीत आयुका हे खगोलशास्त्राचे संशोधन केंद्र १९८८ पासून आहे. पुण्यात एवढ्या संस्था कायम असताना आपणही कायम व्हावे, हा हट्ट कशासाठी?

पदवी व्यर्थ गेली, असे मात्र कदापि म्हणू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाने १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदाच्या थेट भरतीसाठी नेट, सेट किंवा स्लेट ही परीक्षा उत्तीर्ण असणे ही किमान पात्रता ठरवली आणि पीएचडी ऐच्छिक केली. उमेदीची पाच-सहा वर्षे ऐच्छिक विषयाला देण्याचे भाग्य सर्वांच्या वाट्याला येत नाही.

तूर्तास एखाद्या प्रकल्पावर रिसर्च असोसिएट व्हावे. २०२३ च्या सुधारित दरांनुसार त्याचे मानधन दरमहा ५८,००० रुपयांपासून सुरू होते. हा आकडा पाठ करून ठेवावा, कारण खात्यात दिसण्यापूर्वी तो बरेच दिवस पाठच म्हणावा लागतो.

तेही न जमल्यास सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्व, आहेच. यात घेतलेल्या तासाचेच पैसे मिळत असल्याने गणपती, दिवाळी आणि उन्हाळी सुट्टी आपण निरपेक्ष भावनेने साजरी करू शकता. विद्यार्थी आपणांस सर म्हणतील, शिपाई ‘सीएचबी सर’ म्हणेल, आणि त्या तीन अक्षरांमुळे स्टाफरूममधली कोणती खुर्ची आपली नाही, हे आपोआप कळेल. परीक्षेचे पर्यवेक्षण, महाविद्यालयाचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायली, स्नेहसंमेलनातील सूत्रसंचालन अशी कामे तासांत मोजली जात नाहीत, म्हणूनच ती विश्वासाने आपल्याकडे सोपवली जातात.

आयटी कंपन्यांच्या हिंजवडीचा विचार मनात आलाच, तर बायोडाटा आठ पानांवरून दोन पानांवर आणावा; शोधनिबंध आधी कापावेत, ते कोणी विचारत नाही. गाईडना शेवटी सांगावे. ‘इंडस्ट्रीत चाललास?’ हे ते अशा सुरात विचारतील, की आईच्या पाटल्या गहाण ठेवायला निघालो आहोत, असे आपणांस वाटावे.

राहता राहिले राहण्याचे. सुतारवाडीत वन आरके बघताना घरमालक ‘नोकरी पर्मनंट ना?’ असे विचारतात. ‘डॉक्टर आहे’ एवढेच सांगून विषय बदलावा. भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो आणि तासिकेची नेमणूक त्याहून आखूड, त्यामुळे सही करताना दोन्ही कागद एकाच वेळी टेबलावर ठेवू नयेत.