आवडते वेस्टर्न निवडताना मी गोळ्या मोजत नाही

आपल्याकडे कोणालाही आवडता वेस्टर्न, म्हणजे काउबॉयवाला पिक्चर, विचारा, माणूस साठीच्या पुढचा असेल तर उत्तर ठरलेलं, 'मॅकेनाज गोल्ड'. ग्रेगरी पेक, ओमर शरीफ, तो उभा सुळका, त्याची सरकत जाणारी सावली आणि शेवटी अख्खी दरीच कोसळते. १९६९ चा पिक्चर, तिकडे अमेरिकेत पडला आणि इकडे असा चालला की आमच्या घरातले मोठे लोक त्यातलं गिधाडाचं गाणं अजून गुणगुणतात, शब्द एकाला येत नाहीत तरी. मलाही आवडतो, टीव्हीवर लागला तर मी उठत नाही. पण माझ्या यादीत तो नाही, आणि हे सांगितलं की लोक माझ्याकडे असं बघतात की मी काय त्यांचं सोनंच चोरलं.

कारण साधं आहे. त्या पिक्चरमध्ये कोणी दोन मिनिटं गप्प बसत नाही हो. सगळे आपले पळतायत. आणि मला वेस्टर्नमध्ये आवडतं ते वाट बघणं. गोळी सुटायच्या आधीचं. घोडे, टोप्या, सलून (केस कापायचं नव्हे, तिकडचा दारूचा गुत्ता), शेरीफ हे सगळं प्रत्येकात असतंच, त्यावरून काय निवडणार? माझा नियम एवढाच, की पिक्चर मला वाट बघायला लावतो का, आणि लावताना कंटाळा न आणता जीव खालीवर करतो का.

आता लगेच कोणीतरी म्हणेल की वेस्टर्न म्हणजे ॲक्शन. अहो खऱ्या वेस्टमध्ये तरी कुठे होती एवढी ॲक्शन! टूमस्टोनची ती जगप्रसिद्ध ओके कोरलची चकमक, २६ ऑक्टोबर १८८१, साधारण ३० सेकंदांत संपली. तीस सेकंद! त्यावर पिक्चर किती निघाले बघा. आणि खरे काउबॉय काय करायचे, तर टेक्सासहून गुरांचे कळप वर कॅन्सासच्या रेल्वेपर्यंत हाकत न्यायचे, दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर, धुळीत, महिनोन्महिने. तेही फार तर वीसेक वर्षं चाललं, मग काटेरी तार आली, रेल्वे सगळीकडे पोचली, खेळ खलास.

तर माझ्या यादीत पहिला, आणि या जागेसाठी मी कोणाशीही भांडायला तयार आहे, सर्जिओ लिओनीचा 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट', १९६८. सुरुवातीला तीन माणसं एका ओसाड स्टेशनवर गाडीची वाट बघतायत. बस. दहा मिनिटांच्या वर हेच. पवनचक्की कुरकुरतेय, वूडी स्ट्रोडच्या डोक्यावर पाणी टपटपतंय तर तो सरकत नाही, टोपी घालतो आणि थेंब टोपीत साठू देतो, दुसरा बोटं मोडतोय, जॅक इलमच्या तोंडावर माशी बसतेय, तो फुंकून उडवतो, ती परत येते, शेवटी तो तिला पिस्तुलाच्या नळीत पकडतो आणि नळी कानाला लावून तिची भुणभुण ऐकत बसतो. एन्निओ मोरिकोनीसारखा संगीतकार हाताशी असताना लिओनीने इथे संगीतच ठेवलं नाही, नुसते आवाज! मग गाडी येते, कोणी उतरत नाही, हे तिघं वळतात, गाडी निघून जाते आणि पलीकडून माउथ ऑर्गन वाजतो. चार्ल्स ब्रॉन्सन. त्यानंतरचा गोळीबार डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपतो आणि संपावाच, कारण मजा आधीच देऊन झालेली असते.

याच स्टेशनचा बाप म्हणजे 'हाय नून', १९५२. तिथेही तीन माणसं स्टेशनवर बसलीयेत, बाराच्या गाडीने त्यांचा म्होरक्या येणार आहे, ज्याला मारायला येणार तो गावचा मार्शल, म्हणजे पोलीसप्रमुख, गॅरी कूपर, नुकतंच लग्न झालेला, दारोदार फिरून मदत मागतोय. स्टेशनवरच्या त्या तिघांतला एक ली व्हॅन क्लीफ, त्याचा पहिलाच पिक्चर, एक वाक्य नाही त्याला, नुसता माउथ ऑर्गन वाजवतो (लिओनीने हा पिक्चर किती वेळा बघितला असेल कल्पना करा). ८५ मिनिटांचा पिक्चर आणि गोष्टही जवळजवळ तेवढ्याच वेळात घडते, मधे मधे घड्याळं दिसत राहतात. जज्ज साहेब भिंतीवरचा झेंडा काढून घडी करून पिशवीत भरतात आणि गाव सोडतात. चर्चमध्ये चर्चा होते, अगदी आपल्या सोसायटीच्या मीटिंगसारखी, सगळ्यांना त्याच्याबद्दल आदर आहे, सगळे मुद्देसूद बोलतात आणि येत कोणीच नाही. मग बारा वाजायला आले की रिकामे रस्ते, एकेक चेहरा, एक रिकामी खुर्ची, आणि गाडीची शिट्टी. तुकड्यातुकड्यांनी जोडलेलं ते मोन्टाज बघताना मी अजूनही श्वास धरते, शेवट पाठ असून.

बाराची गाडी, तीन दहाची गाडी (तो पिक्चर पुढे येतोय), या पिक्चरवाल्यांना वेळापत्रकाचं एवढं वेड का असा प्रश्न पडायचा मला. पण विचार करा, १८ नोव्हेंबर १८८३ ला अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी मिळून प्रमाणवेळ लागू केली, तोपर्यंत तिकडे प्रत्येक गावाचे बारा आपापले वाजायचे. म्हणजे ज्या काळाच्या या गोष्टी आहेत त्याच काळात रेल्वे येऊन गावाला सांगत होती की आता वेळ आमची. मग व्हिलन घोड्यावरून कधीही न येता गाडीने बरोब्बर बाराला येतो, याने अंगावर काटा येणारच ना.

'हाय नून'मागे राजकारणही होतंच. लेखक कार्ल फोरमन याला शूटिंग चालू असतानाच कम्युनिस्ट शोधणाऱ्या संसदीय कमिटीपुढे उभं केलं, नंतर तो देश सोडून इंग्लंडला गेला. कोणी मदतीला येत नाही ही गोष्ट हवेतून आलेली नव्हती. जॉन वेनला हा पिक्चर भयंकर खटकायचा, देशद्रोहीच वाटायचा, आणि गंमत म्हणजे कूपरला यासाठी ऑस्कर मिळालं ते समारंभात त्याच्या वतीने स्वीकारायला स्टेजवर कोण गेलं, तर जॉन वेन! मग दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स आणि वेनने १९५९ ला उत्तर म्हणून 'रिओ ब्राव्हो' काढला, की खरा शेरीफ असा लोकांकडे भीक मागत फिरत नाही.

आणि इथे माझी पंचाईत आहे, कारण राजकारण बाजूला ठेवलं तर मला 'रिओ ब्राव्हो'ही तितकाच लागतो. त्यातही वाटच बघतायत. तुरुंगात एक बड्या घरचा खुनी, बाहेर त्याच्या भावाची माणसं, मार्शल यायला अजून काही दिवस, आणि आत एक शेरीफ, एक दारू सोडायला धडपडणारा डीन मार्टिन, एक लंगडा म्हातारा आणि एक पोरगा. पण हे वाट बघणं वेगळं आहे. 'हाय नून'मध्ये एकटा माणूस घामाघूम होतो, इथे चार माणसं एकमेकांना चिडवतात, कॉफी पितात, सिगरेटी वळतात. बाहेर विरोधक ती मेक्सिकन धून वाजवत राहतात, जिचा अर्थ कोणालाही जिवंत सोडणार नाही, आणि आत डीन मार्टिन आडवा पडून गाणं म्हणतोय, वेन हातात कप घेऊन नुसता ऐकतोय. दोन्ही पिक्चरचं संगीत दिमित्री टियोमकिनचंच, त्याला कोणाच्या भांडणाशी काही घेणं नव्हतं बहुतेक. दोघांत एकच ठेव म्हणालात तर मी 'हाय नून' ठेवीन, पण रविवारी दुपारी बघायला 'रिओ ब्राव्हो' काढीन.

'३:१० टू युमा' चा जुना, १९५७ चा बघा. एल्मोर लिओनार्डच्या कथेवरचा. दुष्काळात बुडालेला शेतकरी, व्हॅन हेफ्लिन, २०० डॉलरसाठी एका दरोडेखोराला गाडीत बसवून द्यायचं काम घेतो, आणि दोघं एका हॉटेलच्या खोलीत गाडीच्या वेळेपर्यंत अडकतात. ग्लेन फोर्ड पलंगावर आरामात पडून त्याला गोड बोलून फोडायचा प्रयत्न करतो, पैसे वाढवत नेतो, बायकोचं कौतुक करतो, आणि तो बिचारा बंदूक धरून घाम पुसतोय. दुष्काळ, कर्ज आणि पाऊस कधी पडेल, हे मराठी माणसाला समजावून सांगायला लागत नाही. २००७ चा रिमेक चांगला आहे, रसेल क्रो आणि ख्रिश्चन बेल दोघं उत्तम, पण त्यांनी त्या खोलीतला वेळ कापून वाटेतल्या मारामाऱ्या वाढवल्या. म्हणजे नेमकं माझं जेवण काढून घेतलं.

आता एक गोष्ट, जी याद्या करणाऱ्या पुरुषमंडळींच्या फारशी लक्षात येत नाही. या पिक्चरमध्ये सगळ्यात जास्त वाट बायका बघतात, फक्त कॅमेरा त्यांच्याकडे कमी वेळ असतो. ग्रेस केली हॉटेलात बसून त्याच बाराच्या गाडीची वाट बघतेय, नवऱ्याला सोडून जाण्यासाठी, ज्या गाडीने त्याला मारणारा येतोय. 'द सर्चर्स'मधली लॉरी पळवलेल्या मुलीच्या शोधात गेलेल्या मार्टिन नावाच्या पोरासाठी वर्षानुवर्षं थांबते आणि पत्र येतं एकच. म्हणून लिओनी मला जवळचा वाटतो, त्याने क्लॉडिया कार्डिनालेला स्टेशनवर उतरवलं, घ्यायला कोणी आलेलं नाही, ती स्टेशनचं घड्याळ बघते, स्वतःचं बघते, थोडी हसते, मग आत जाऊन विचारते आणि कॅमेरा छपरावरून वर वर जातो आणि पलीकडे अख्खं उभं राहत असलेलं गाव दिसतं, आणि मोरिकोनीचं संगीत, एडा डेल'ओर्सोचा तो शब्दांशिवायचा आवाज. तिला कळायचंय की नवऱ्याचं कुटुंब संपलंय, आपल्याला माहितीये. त्या अर्ध्या मिनिटासाठी मी कितीतरी हाणामारीचे पिक्चर सोडून देईन.

'द सर्चर्स' (१९५६) यादीत ठेवायचा का यावर मात्र माझं मन दर वेळी बदलतं. जॉन फोर्ड, मॉन्युमेंट व्हॅली, दाराच्या चौकटीतला तो शेवट, सगळं मान्य. हल्ल्याच्या आधीची संध्याकाळ तर वाट बघण्याचा कळस आहे, पक्षी अचानक उडतात, आई दिवा विझवायला सांगते, मोठ्या मुलीला कळतं आणि ती किंचाळते. हल्ला दाखवतच नाही. हाच प्रसंग पुढे लिओनीने घेतला, किड्यांची किरकिर एकदम थांबते, आणि झुडपांतून हेन्री फोंडा निघतो, आयुष्यभर सज्जन माणसं केलेला निळ्या डोळ्यांचा फोंडा, समोर लहान पोरगा. आणि तिथून तो आपल्या ठाकूरच्या अंगणात आला, कुरकुरणारा झोपाळा, गब्बर आणि ते लेकरू. 'शोले'चं रामगढ कर्नाटकात रामनगरला उभं केलं आणि ट्रेनची मारामारी पनवेलजवळच्या लाइनवर झाली, पण हा प्रसंग टेक्सास, स्पेन करत आलाय. याला चोरी म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की लिओनीचा 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या 'योजिंबो'वरून उचललेला होता आणि त्याचं प्रकरण मिटवताना जपानला वाटा द्यावा लागला होता.

'सर्चर्स'मध्ये खटकतं ते मुलीला पळवून नेणाऱ्या कोमान्चींचं, म्हणजे त्या इंडियन जमातीचं, चित्रण. त्यांचा सरदार स्कार जर्मनीत जन्मलेल्या गोऱ्या नटाने केलाय आणि बाकीचे कोमान्ची म्हणजे तिथले नावाहो, दुसऱ्याच जमातीचे लोक. वेनचं पात्र द्वेषाने आंधळं झालंय हे पिक्चरला कळतं, पण ज्या मुलीला तो शोधतोय तिला तिकडे काय वाटत होतं हे विचारायला पिक्चरला वेळ नाही. जी. ए. कुलकर्णींनी कॉनराड रिक्टरची कादंबरी 'रानातील प्रकाश' म्हणून मराठीत आणली, त्यात इंडियनांमध्ये वाढलेल्या गोऱ्या मुलाला जबरदस्तीने परत आणतात आणि आपण त्याच्या बाजूने बघतो. ती वाचलेली असेल तर 'सर्चर्स'चा शेवट एवढा सुखाचा वाटत नाही. तरी ठेवलाय मी यादीत, कुरकुर करत.

'द गुड, द बॅड अँड द अग्ली' मधल्या कब्रस्तानाबद्दल मी काय वेगळं सांगणार. तीन माणसं गोलात उभी, कोणी हलत नाही, नुसते डोळे, हात, डोळे, आणि मोरिकोनी चढत जातोय. एवढंच सांगते की ते कब्रस्तान खोटं, स्पेनमधल्या बुर्गोसजवळ सैनिकांकडून बांधून घेतलेलं, नंतर गवतात गडप झालं होतं आणि २०१५ पासून चाहत्यांनी जाऊन हाताने माती उपसून ते परत मोकळं केलं. एका पिक्चरसाठी लोक खोट्या कबरी उकरतात, यात मला काही वेडेपणा वाटत नाही.

शेवटची जागा ईस्टवूडच्या 'अनफरगिव्हन'ला, १९९२. त्याला चार ऑस्कर मिळाली, सर्जिओ आणि डॉनला अर्पण केलाय, म्हणजे लिओनी आणि डॉन सीगल या दोन दिग्दर्शकांना. लोकांना त्यातला पावसातला शेवटचा सलून आठवतो, मला त्याआधीचं ते एकटं झाड. सुपारीचा खून झालाय, आता पैसे यायची वाट बघत ईस्टवूड आणि एक पोरगा माळावर थांबलेत, लांबून एक घोडा हळूहळू येतोय, आणि तो पोरगा, जो इतका वेळ बढाया मारत होता, दारू ढोसत रडकुंडीला आलाय, कारण त्याने आयुष्यात पहिल्यांदा माणूस मारलाय. ईस्टवूड फारसं काही बोलत नाही. घोडा पोचतो, मुलगी पैसे देते आणि त्यांच्या साथीदाराचं, मॉर्गन फ्रीमनचं, काय झालं ते सांगते, आणि ईस्टवूड पोराच्या हातातली बाटली घेतो. संबंध पिक्चरभर त्याने दारूला हात लावलेला नाही हे आठवलं की पुढे सलूनमध्ये काय होणार हे तिथेच कळतं.

'वाइल्ड बंच' घेतला नाही, 'शेन'ही नाही, माहितीये. 'डान्सेस विथ वुल्व्ह्ज'चा पहिला तास, तो रिकाम्या चौकीत एकटा सैन्याची वाट बघतो तेवढा, मी वेगळा काढून घेतला असता. आणि हे सगळे पिक्चर प्लीज मोबाईलवर दहा-दहा सेकंद पुढे ढकलत बघू नका, ज्याने एकही पाहिला नाहीये त्याने 'हाय नून'पासून सुरू करा, दीड तासाच्या आत संपतो, आणि लिओनीचा स्टेशनवाला रात्री सगळे झोपल्यावर, पंखा बंद करून, नाहीतर ती माशी ऐकू येत नाही.