अर्ध्या हळकुंडाबद्दल जरा सविस्तर

दादा, गेल्या रविवारच्या प्रथमोपचार शिबिराच्या पोस्टवरची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. थोडक्यात तुमचं म्हणणं असं, की गावातल्या पोरांना दोन तासात सीपीआर (हृदय बंद पडलेल्याची छाती दाबत राहणं) शिकवणं म्हणजे अर्ध्या हळकुंडानं पिवळं करणं, उद्या ही पोरं कुणाच्याही बरगड्या मोडणार, माणूस दगावला तर जबाबदार कोण, त्यापेक्षा सरकारकडं अँब्युलन्स मागा. वर कर्नाटकातल्या आपल्या मराठी गावात कन्नड वाक्यं कशाला पाठ करून घेता हेही विचारलंय, आणि माझ्या पोस्टमधलं "श्वास द्यायची गरज नाही" हे लहान मुलांनाही लागू आहे का तेही. दोन ओळीत उत्तर देऊन मोकळं व्हावं असं वाटेना म्हणून हे लांबलचक लिहितोय.

आधी हळकुंडाचं. आपल्या भागात प्रथमोपचाराचं ज्ञान नाहीये असं वाटतं का तुम्हाला? भरपूर आहे की. फीट आली की नाकाला कांदा नाहीतर चप्पल, हातात किल्ली, दातात चमचा. भाजलं की टूथपेस्ट. फवारणीचं औषध कुणी प्यायलं की मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची. साप चावला की दावं आवळायचं. हे कुठल्या शिबिरात शिकवलेलं नाही, घराघरात चालत आलंय, आणि वेळ आली की कुणी बघत उभं राहत नाही, चारजण धावतात आणि हेच करतात. म्हणजे अर्धं हळकुंड गावात आधीपासून आहेच दादा. माझ्या दोन तासातला निम्म्याहून जास्त वेळ काय करायचं नाही हे सांगण्यातच जातो.

माझ्या चुलतभावाचं सांगतो. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं, सुगीचे दिवस, भात कापताना संध्याकाळी घोट्याजवळ घोणस चावली. चुलत्यानं बैलाचं दावं सोडून गुडघ्याखाली असं आवळलं की पाय निळा पडला, मग ब्लेडनं चीर दिली, मग मंत्र घालणाऱ्याकडं नेलं, तिथून परत येऊन गाडी शोधली, मोबाईलला रेंज नाही, दवाखान्यात पोचायला साडेतीन तास गेले. घोणसीचं विष रक्त गोठायची ताकद घालवतं आणि किडनीवर जातं, त्यात चीर दिलेली, रक्त थांबेना, आणि आवळलेल्या पायातलं मांस आतून मरत गेलेलं. सापाचं इंजेक्शन झालं, डायलिसिस झालं, भाऊ वाचला. दोन बोटं मात्र कापावी लागली आणि लावणीला चिखलात उतरला की अजून लंगडतो. चुलता आजही म्हणतो, "मी बांधलं म्हणून जगला, खरं सांगतो." त्यानं मायेनंच बांधलं होतं, त्याला मी काय बोलणार.

त्या दिवशी करायचं होतं ते इतकंच: त्याला चालू द्यायचं नाही, पाय मोडल्यावर बांधतात तसा फळीला सैलसर बांधून हलू द्यायचा नाही, पायातलं बोटातलं काही असेल ते सूज यायच्या आत काढायचं, चावल्याची वेळ लक्षात ठेवायची आणि सापाच्या मागं न लागता सरळ दवाखाना. आपल्याकडं मिळणारं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं, म्हणून साप मारून न्यायची गरजच नसते. मण्यारीचं तर अजून वेगळं. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, खूण सापडत नाही, दुखत नाही, पहाटे पोट दुखतं आणि पापण्या जड होतात, घरातले पित्त झालं म्हणून सोडा पाजत बसतात. कर्नाटक सरकारनं २०२४ मध्ये सर्पदंश नोंद करायलाच पाहिजे अशा आजारात घातला, म्हणजे दवाखान्यानं प्रत्येक केस कळवायची. चांगलंच झालं, खरं माणूस आधी दवाखान्यात तर पोचला पाहिजे.

आता बरगड्या. यासाठी मला आमच्या गल्लीतल्या एका काकांचं सांगावं लागेल. गणपतीची आरती चालू असताना ते बसल्याजागी कोसळले. तोंड उघडझाप करत होते, घशातून आवाज येत होता, सगळे म्हणाले घरघर लागली, आणि त्यांचं डोकं मांडीवर घेऊन तोंडात तुळशीचं पाणी सोडलं. पाण्याचा तांब्या मीच आणून दिला होता. पुढं कारखान्यात प्रशिक्षण झालं तेव्हा कळलं की असे आचके म्हणजे श्वास नव्हेच. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटं असं होतं, छाती दाबायला सुरुवात करायची ती हीच वेळ, आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात घातलेलं पाणी फुप्फुसात जातं. मेंदूला रक्त मिळालं नाही तर चार ते सहा मिनिटात नुकसान सुरू होतं. काका वाचले असते का ते मी सांगू शकत नाही. आम्ही पंधराजण तिथं होतो आणि एकानंही छातीला हात लावला नाही.

म्हणून दादा, बरगडी मोडते, हो, मोडते, डॉक्टरांच्या हातूनही मोडते. ती जुळते. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल, छातीच्या मधोमध, आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. हृदय चालू असलेल्याला चुकून दाबलं तर तो बहुतेक हात तरी झटकतो, नाहीतर कण्हतो, लगेच थांबायचं. जबाबदारीचं म्हणाल तर रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यातलं २०१९ च्या दुरुस्तीतलं १३४-अ कलम वाचवतं, पोलीस नाव सांगायची सक्तीही करू शकत नाहीत. कर्नाटकात त्याच्याही आधी, २०१६ चा, मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा आहे.

अँब्युलन्स मागाच, मीही मागतो, निवेदनावर सही घ्यायला या, पहिली माझी. पण गाडी फाट्यावर उभी असली तरी चार मिनिटात कणकुंबीच्या वरच्या वाडीत पोचणार नाही. साखर कारखान्यात दर १५० कामगारांमागं प्रथमोपचाराची एक पेटी आणि ती सांभाळायला शिकलेला माणूस लागायचा, १९४८ च्या कारखाने कायद्यातच होतं ते, म्हणून तर मी शिकलो. गेटच्या बाहेर ऊसाच्या गाड्यांची रांग लागते, बायका-पोरं घेऊन टोळ्या खोपटात राहतात, त्यांच्यासाठी ना पेटी ना माणूस. मला शिबिराला जास्त माणसं हवीत ती तिथली.

कन्नड वाक्यांचं मनाला लागलं. मराठीत कागद मिळावेत म्हणून मीही मोर्चात चाललोय आणि पुढंही चालणार, त्यात कमी-जास्त नाही. पण १०८ ला फोन उचलणारी मुलगी बेंगळूरच्या बाजूची असते, आणि माझी आई तिथं "साप, साप" करत रडत राहिली तर ती मिनिटं आईचीच जाणार. "हावू कच्चिदे" म्हणजे साप चावलाय, "उसिराट इल्ल" म्हणजे श्वास चालत नाही, एवढी दोन वाक्यं आणि पाठोपाठ गाव, तालुका, जिल्हा. निपाणी-कोगनोळीकडं तर जिल्हा आधी सांगा, कारण मोबाईल कधीकधी हद्दीपलीकडचा, महाराष्ट्रातला टॉवर पकडतो. पोरांना मी हे फोन हातात देऊन मोठ्यानं म्हणायला लावतो.

दोन गोष्टीत मात्र तुमचं बरोबर आहे. एकदा शिकलं म्हणजे झालं असं नाही, काही महिन्यात हात विसरतो, म्हणून सहा महिन्यांनी परत घ्यायला हवं होतं आणि मी ते पोस्टमध्ये लिहिलंच नाही. दुसरं लहान मुलांचं. तिथं मी सरळ चुकलो होतो आणि तुम्ही पकडलंत, आभार. फक्त छाती दाबणं हे अचानक कोसळलेल्या मोठ्या माणसासाठी. पोराचं हृदय बहुतेक वेळा श्वास अडकून थांबतं, विहिरीत किंवा मलप्रभेत बुडालेल्याचंही तसंच. पोस्टमधली ती ओळ काल रात्री बदलली, आता ती अशी आहे: "मूल असेल किंवा बुडालेला माणूस असेल तर पालथं घालून पोट दाबू नका, गरगर फिरवू नका, आधी तोंडानं श्वास द्या, मग ३० वेळा छाती दाबा आणि २ श्वास, असं मदत येईपर्यंत चालू ठेवा."