बहिरी ससाण्याच्या पिल्लांना शिकार कोण शिकवतं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

माणसाने वाढवलेली बहिरी ससाण्याची पिल्लं रानात सोडण्याबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. मुद्दे नेमके आहेत, त्यामुळे दोन ओळींत भागणार नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आईबापांविना पेटीत ठेवलेली, पाइपातून मेलेले लावे सरकवून वाढवलेली पिल्लं एक दिवस दार उघडून वाऱ्यावर सोडून देणं हा क्रूरपणा आहे. त्यांना शिकार शिकवणारं कोणी नसतं, म्हणून त्यातली निम्मी मरतात. आणि ज्या डीडीटी या कीटकनाशकाने हे ससाणे संपत आले होते, ते बंद झाल्यावर निसर्गाने आपलं आपण सावरून घेतलंच असतं, मग माणसाची लुडबुड हवीच कशाला? लाव्यांच्या जिवाचा हिशेब कोणी ठेवत नाही, हा टोलाही जाता जाता हाणलात.

शिकवण्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं सगळं तिथेच अडकलंय. पाठलाग करायचं, वरून झेपावायचं, हलत्या वस्तूला पंजा मारायचं वेड या पिल्लांत उपजतच असतं. नसतो तो नेम. तो बसायला आठवडे लागतात आणि तोवर पोट भरावं लागतं. रानातले आईबापही उडायला लागलेल्या पिल्लांना पुढे महिनाभर, कधी त्याहून जास्त, खाऊ घालतात. ते भक्ष्य हवेत सोडतात आणि पिल्लू ते झेलतं, हे खरं आहे, त्याने मदतही होत असेल. पण हे कधीच न मिळालेली पिल्लंसुद्धा पुढे चांगली शिकारी झाली आहेत. पेटी, पाइप आणि लावे हा सगळा खटाटोप एवढ्याचसाठी, की पिल्लाला चुकायला वेळ मिळावा आणि त्या चुकांपायी ते उपाशी मरू नये.

जरा जवळून पाहा. पिल्लं साधारण पाच आठवड्यांची असताना पेटीत येतात. पेटी कड्यावर, मनोऱ्यावर किंवा उंच इमारतीच्या गच्चीवर असते. समोर उभे गज, खाली बारीक खडी. डोक्यावर अजून लव चिकटलेली ही पोरं गजांतून समोरचं आकाश, वारा, जाणारे-येणारे पक्षी बघत बसतात. जागेची ओळख होते ती इथे. सहा आठवड्यांच्या सुमारास गज काढतात, तेही गुपचूप, पिल्लं बिथरणार नाहीत असे. त्यानंतर तुम्ही म्हणता तसं कोणी भिरकावलं जात नाही. एखादं पिल्लू काठाशी येतं, पंख फडफडवतं आणि परत आत जातं. दुसरं वाऱ्याच्या झोताने मनात नसताना उचललं जातं. उडणं जमतं, पंचाईत होते ती उतरताना. पाठीवर वारा घेऊन उतरायला जातात, फळीच्या पुढे निघून जातात, फांदीवर आपटतात. मग काही दिवसांत भावंडांची मस्ती सुरू होते. एक दुसऱ्याच्या मागे लागतं, पुढचं हवेतच उलटं होऊन पंजे दाखवतं. चतुर पकडून उडता उडताच खातात. पहिला पक्षी हाती लागतो तो या खेळातूनच.

या सगळ्या काळात पेटीपाशी रोज खाणं ठेवलेलं असतं. खानावळ उघडी असते, यायची सक्ती नसते. लांबून दुर्बीण लावून बसलेले राखणदार पायातल्या कड्यांवरून कोण आलं, कोण जेवलं, कोण दिसलं नाही, याची नोंद ठेवतात. पिल्लांच्या फेऱ्या विरळ होत होत चार-सहा आठवड्यांत बंद पडतात. ससाणे पाळून त्यांच्याकडून शिकार करवणाऱ्या लोकांची पिल्लं वाढवण्याची ही जुनी रीत आहे. फरक इतकाच, की ते लोक पिल्लू परत धरायचे, इथे धरत नाहीत.

पाइपाचं तुम्हाला फार लागलेलं दिसतं. पण खाणं देणारा माणूस पिल्लाला दिसता कामा नये, एवढ्याचसाठी तो असतो. जेवण म्हणजे माणूस असं डोक्यात बसलेला ससाणा पुढे माणसांच्या मागे येतो, आणि सगळीच माणसं तुमच्यासारखी कनवाळू नसतात.

आईबापांची उणीव खरी जाणवते ती राखणीच्या बाबतीत. बहिरी ससाण्याची मादी घरट्याजवळ आलेल्या गरुडावरसुद्धा तुटून पडते. पेटीतल्या पिल्लांना असं कोणी नसतं. अमेरिकेत सुरुवातीला जुन्या कड्यांवर पिल्लं सोडली, तेव्हा तिथल्या मोठ्या शृंगी घुबडांनी रात्री येऊन कित्येक फस्त केली. या मुद्द्यावर तुमची बाजू भक्कम आहे. म्हणूनच पुढे किनाऱ्यावरच्या खाजणात मनोरे उभारले आणि शहरातल्या इमारती निवडल्या, जिथे घुबडांचा त्रास कमी.

निम्मी मरतात, हेही धरून चालू. रानात आईबापांच्या पंखाखाली वाढलेल्या पिल्लांपैकीही निम्म्याहून जास्त पहिलं वर्ष पार करत नाहीत. सोडलेल्या पिल्लांची तुलना करायची तर यांच्याशी करा. एकही मरू नये ही अपेक्षा कुठल्याच शिकारी पक्ष्याकडून पुरी व्हायची नाही.

आता निसर्गाने सावरण्याबद्दल. तुमच्या बाजूचा सगळ्यात चांगला पुरावा ब्रिटनचा आहे, तो तुम्ही दिला नाहीत म्हणून मीच देतो. डीडीटीसारख्या कीटकनाशकांमुळे तिथली संख्या निम्म्याहून खाली गेली होती. तिथले संशोधक डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ मध्ये अंड्यांची कवचं पातळ झाल्याचं दाखवून दिलं. विषारी रसायनांवर निर्बंध आले आणि पक्षी बऱ्याच अंशी आपणहून परतले. पण परतले ते स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात टिकून राहिलेल्या जोड्यांमुळे. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या पूर्वेला १९६४ च्या पाहणीत नांदतं घरटं एकही सापडलं नाही. हा पक्षी जन्मला त्याच मुलखाच्या आसपास घर करतो. जिथे कोणी जन्मलेलंच नाही, तिथे परत यायचं कोणी? डीडीटीवर अमेरिकेत १९७२ मध्ये बंदी आली. ती नसती तर पेट्यांचा काडीचाही उपयोग नव्हता, यात आपलं एकमत आहे. पण पूर्वेकडे नुसत्या बंदीने ते कडे भरायला किती पिढ्या लागल्या असत्या, याचा विचार करा. कॉर्नेल विद्यापीठातल्या टॉम केड यांनी पिंजऱ्यात प्रजनन जमवलं आणि त्यातून सोडलेल्या पक्ष्यांनी १९८० मध्ये न्यू जर्सीत स्वतःची पिल्लं वाढवली. पुढे उत्तर अमेरिकेत सहा हजारांवर पिल्लं सोडली गेली. १९९९ मध्ये अमेरिकेने या पक्ष्याला संकटग्रस्त प्रजातींच्या यादीतून काढलं.

लाव्यांबद्दल एवढंच: ससाणा मुख्यतः पक्षीच खातो, पेटीत असो की कड्यावर. तो हिशेब मांडायचा तर ससाण्यांविरुद्धच मांडावा लागेल.

तुम्ही न विचारलेला एक प्रश्न मात्र मला जास्त सतावतो. अमेरिकेच्या पूर्वेकडचे मूळ बहिरी ससाणे संपलेच होते. मग स्कॉटलंड, स्पेन, अलास्का अशा ठिकठिकाणच्या, एकूण सात उपजातींच्या रक्ताचे पक्षी तिथे सोडले गेले. जगेल ते जगेल, असा तो हिशेब होता. तेव्हाही अनेकांनी हरकत घेतली होती. आज त्या कड्यांवर बसलेला पक्षी पूर्वीचाच म्हणायचा का? मला वाटतं, रिकाम्या कड्यापेक्षा हा बरा. पण याचं ठाम उत्तर देणाऱ्यांचा मला जरा संशयच येतो.

शेवटी, हे सगळं जुनं झालं, आता काय गरज, असं तुम्ही लिहिलंय. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात किनाऱ्याजवळच्या पुलांवर ससाणे अंडी घालतात. बरीच पिल्लं पहिल्याच उड्डाणात खाली पाण्यात पडून बुडतात. म्हणून २००० सालापासून तिथली काही पिल्लं उचलून शेनांडोआ राष्ट्रीय उद्यानातल्या कड्यांवर, याच पेटीच्या पद्धतीने सोडतात. इथे तर आईबाप जिवंत असताना पिल्लं उचलली जातात, म्हणजे तुमच्या आक्षेपाला जास्तच धार येते. तरी मी पेटीच्या बाजूने आहे. तुम्ही नसाल, तर त्या पुलावरच्या पिल्लांचं काय करायचं ते जरूर लिहा.