परदेशातून : सूचना कुठे अडली?

२००४ मध्ये ब्रिटनच्या एमआय-५ या देशांतर्गत गुप्तचर संस्थेने महामार्गावरच्या एका थांब्यावर दोन तरुणांची रंगीत छायाचित्रे टिपली. पण ओळख पटवण्यासाठी पुढे पाठवायच्या प्रती इतक्या वाईट कापल्या गेल्या की त्यांवरून माणूस ओळखणे कठीणच होते. ७ जुलै २००५ रोजी लंडनमध्ये ५२ निरपराधांचा बळी घेणाऱ्या चौघांत ते दोघे होते. ही ढिलाई उघड झाली ती २०१०-११ मध्ये मृत्यूंच्या न्यायालयीन चौकशीत, जिथे एमआय-५च्या अधिकाऱ्याला, नाव गुप्त ठेवून का होईना, मृतांच्या नातेवाइकांच्या वकिलांना उत्तरे द्यावी लागली.

लंडनमधल्या एका संशोधन संस्थेत गुप्तचर यंत्रणांवरील देखरेखीचा अभ्यास करताना मी रोज असलेच कागद वाचतो, आणि म्हणूनच २६/११ बद्दल मुंबईत दरवर्षी होणारा वाद मला अपुरा वाटतो. दादरच्या आमच्या घरीही त्याच्या दोनच बाजू असतात : यंत्रणा झोपल्या होत्या, किंवा पोलिसांचे खच्चीकरण करू नका. हल्ल्याची आगाऊ सूचना नेमकी कोणत्या पायरीवर अडली, हे विचारायला लागणारा कागद दोघांच्याही हाती नसतो.

२६/११ ची चौकशी करणाऱ्या राम प्रधान समितीचा अहवाल एप्रिल २००९ मध्ये राज्य सरकारकडे गेला, पण गोपनीयतेच्या नावाखाली आधी रोखला गेला आणि फुटल्यावरच विधिमंडळात आला. त्याहून मोठी अडचण अशी की, समितीची कार्यकक्षा मुंबई पोलिसांपुरती होती. केंद्रीय यंत्रणांचे दप्तर तपासण्याचा अधिकार तिला नव्हता. म्हणजे दोष शोधायचा, पण तो आयुक्तालयाच्या आवारातच!

ब्रिटनचेही फार कौतुक नको. तिथल्या संसदीय गुप्तचर समितीच्या अहवालांत ओळीच्या ओळी फुल्यांनी झाकलेल्या असतात, आणि रशियाविषयीचा अहवाल पंतप्रधानांकडे ऑक्टोबर २०१९ मध्ये जाऊनही प्रसिद्ध व्हायला जुलै २०२० उजाडला. तरी त्या समितीला १९९४ पासून कायद्याचा आधार आहे. आपल्याकडे ‘रॉ’ ही परदेशांतली गुप्त माहिती मिळवणारी संस्था १९६८ मध्ये सरकारी आदेशाने उभी राहिली. तिच्यावर संसदेची देखरेख आणू पाहणारे काँग्रेसचे खासदार मनीष तिवारी यांचे २०११ चे खासगी विधेयक मंजूर झाले नाही.

गुप्तता सांभाळून असे अहवाल खुले करता येत नाहीत, हा दावा मला पटत नाही, कारण के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील कारगिल आढावा समितीचा अहवाल काही भाग वगळून २००० मध्ये संसदेपुढे ठेवला गेलाच होता. सीएसटी आणि कामा रुग्णालयातल्या मृत्यूंबाबत संसदेपुढे तेवढेही झालेले नाही. २०२५ मध्ये २६/११ च्या कटातला आरोपी तहव्वूर राणा याला अमेरिकेतून आणल्यावर आता सगळे बाहेर येईल, असे अनेकांना वाटते. पण खटल्यात आरोपीने काय केले ते सिद्ध करायचे असते. इशारा कोणाच्या टेबलावर पडून राहिला, हा प्रश्न तिथे कोणी विचारणार नाही.