परदेशातून: गाडी कोणाच्या नावावर?

सोलापूरच्या मित्रांच्या ग्रुपवर सध्या एकच रडगाणं: गाड्यांच्या कंपन्यांना पोरांच्या रेसिंगसाठी दोन पैसे सुटत नाहीत. 2023 च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने बैलगाडा शर्यतींचा कायदा वैध ठरवला, तिथे बक्षिसाला ट्रॅक्टर काय, थार काय. मग कार रेसिंगने कोणाचं घोडं मारलंय? आणि शेवटी मला टोमणा, "तुमच्या जर्मनीत असं नसतंय बे."

असतंय की. मी राहतो त्या हॅनोव्हरमध्ये फोक्सवॅगनचा मोटरस्पोर्ट विभाग होता. 2013 ते 2016 सलग चार वर्षं वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिप जिंकणारी पोलो गाडी इथलीच. मधेच, 2015 मध्ये, फोक्सवॅगनचा डिझेल घोटाळा, म्हणजे धुराच्या चाचणीत केलेली फसवणूक, बाहेर आला. 2016 संपताना रॅली सुटली, 2019 मध्ये पेट्रोल-डिझेलच्या शर्यतींना रामराम आणि 2020 च्या अखेरीस विभागच बंद करायचं ठरलं. जगज्जेत्यांची ही गत, तिथे हौशी पोरांचा काय पाड?

यात दुष्टपणा कुणाचाच नाही. ही मदत जाहिरातीच्या खात्यातून येते, आणि हौशी शर्यत बघायला येतं कोण? ड्रायव्हरचे मेहुणे. शोरूममध्ये इलेक्ट्रिक गाडी विकायची आणि ट्रॅकवर पेट्रोल जाळायचं, हे मार्केटिंगवाल्यांना पटवणं अवघड. अपघाताची धास्ती तर जुनीच. 1955 मध्ये फ्रान्समधल्या ल मान्सच्या शर्यतीत ऐंशीहून जास्त माणसं गेली, मर्सिडीजने तो हंगाम संपताच ट्रॅक सोडला. 1957 मध्ये अमेरिकी कंपन्यांनी तर मिळून ठराव केला, शर्यतींना मदत बंद.

मला खरा प्रश्न वेगळाच वाटतो: गाडी कोणाची? आपल्याकडे 2010 मध्ये फोक्सवॅगनची पोलो कप ही शर्यत-मालिका सुरू झाली. गाड्या कंपनीच्या, देखभाल कंपनीची. पोरांनी फी भरायची आणि चालवायची. त्यातून चांगले ड्रायव्हर घडले, नाकारत नाही. पण कंपनीने हात काढला की गाड्याही जाणार. उलट अमेरिकेतली स्पेक मियाटा ही हौशी शर्यत बघा. माझ्दा कंपनीच्या जुन्या छोट्या मियाटा गाड्या, मालक स्वतः ड्रायव्हर, नियम क्लबचे. माझ्दाने भरपूर मदत केली. उद्या थांबवली तरी गाडी ज्याच्या त्याच्या गॅरेजमध्ये.

इथे जर्मनीत लहान मुलं पार्किंगमध्ये शंकू मांडून गो-कार्ट चालवायला शिकतात, आईबाप स्टॉपवॉच धरून उभे. मात्र त्यांना शिकवणाऱ्या क्लबांमागे एडीएसी ही दोन कोटींहून जास्त सभासदांची संस्था आहे. रस्त्यात गाडी बंद पडली तर मदत यावी म्हणून लोक वर्गणी भरतात. तेव्हा 'जर्मनीसारखं करा' असं मी सांगणार नाही, ते सोलापुरात चालायचं नाही.

पण अक्कलकोट रोडच्या गॅरेजांमधले मिस्त्री जुन्या मारुतीत जीव ओततात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्या गाड्या घ्या, ऑटोक्रॉस, म्हणजे मोकळ्या मैदानात शंकू मांडून एकेका गाडीची वेळ मोजायची शर्यत, भरवा, वर्गणी काढा. कंपनीकडे जायचंच असेल तर चषक आणि बॅनर मागू नका. सुटे भाग सवलतीत मागा. मिळाले तर उत्तम, नाही तर जुन्या बाजारात मिळतातच.

हे ग्रुपवर टाकलं. उत्तर आलं, "आधी ॲम्ब्युलन्स आणि पोलीस परवानगीचं कोण बघणार ते सांग." हा प्रश्न मात्र कंपनीच्या पैशांपेक्षा अवघड आहे.