मेल पाठवलाय, तुम्हीच नीट बघा

ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचा मेल कसा सांभाळावा, हे कुठल्याच कोर्सात शिकवत नाहीत. जो तो आपापल्या अकलेने शिकतो. गेल्या आठवड्यात एका थोर माणसाच्या मेलबॉक्सचं दर्शन घडलं (कसं घडलं ते पुढे येईल, आत्ता नुसतं आठवलं तरी कानशिलं तापतात) आणि वाटलं, एवढी विद्या एकाच माणसापाशी राहणं बरं नाही. नव्याने नोकरीला लागलेल्यांनी लिहून घ्या.

सुरुवात फोल्डरांपासून. सोपा मार्ग म्हणजे एकही फोल्डर करायचा नाही. सगळं इनबॉक्समध्ये साचू द्यायचं. डावीकडे ठळक अक्षरांत न वाचलेल्या मेलचा पाच आकडी आकडा झळकला की खुर्चीमागून जाणाऱ्यावर छाप पडते. बिचाऱ्याला किती काम आहे बघा!

मेहनती माणसांसाठी दुसरा मार्ग आहे. 'इम्पॉर्टंट' नावाचा फोल्डर करा. तो भरला की 'व्हेरी इम्पॉर्टंट'. मग 'इम्पॉर्टंट न्यू', 'मिसलेनियस', 'मिसलेनियस २', आणि एक नुसताच 'न्यू फोल्डर', ज्यात सगळ्यात कामाचे कागद असतात. एक फोल्डर 'साहेब' नावाचा हवाच. साहेब बदलून गेले तरी त्याला हात लावू नका. साहेबांचे मेल परस्पर तिकडे वळवणारा जो रूल कुणीतरी कधीतरी लावून ठेवलाय, तो तर अजिबात काढू नका. मेल इनबॉक्सला न शिवता थेट आत जाऊन पडतो आणि आपल्याला छातीठोकपणे सांगता येतं, "मला तर काहीच आलं नाही."

माउसवरचा हात सैल असू द्या. एकदा घसरला की 'जीएसटी'चा अख्खा फोल्डर 'दिवाळी गिफ्ट'च्या पोटात जातो. महिन्याच्या वीस तारखेला, जीएसटीचं ३बी रिटर्न भरायच्या दिवशी, आयटीतल्या पोराला हाक मारायची, "माझा फोल्डर उडाला रे, व्हायरस आलाय बहुतेक."

डिलीटेड आयटम्स हा कचरा आहे असं समजणारे लोक अडाणी. तो घरातला माळा आहे. जे लागेल की नाही सांगता येत नाही ते तिथे टाकायचं आणि लागलं की तिथून काढायचं. एक डिलीटचं बटण दाबलं की झालं, फोल्डर निवडायची कटकट नाही. फक्त बाहेर पडताना डिलीटेड आयटम्स रिकामे करायची टिकची खूण सेटिंगमध्ये कुणी करून ठेवली नाही ना, हे मात्र बघू नका. ते अचानकच कळण्यात गंमत आहे.

ड्राफ्ट्स: "मी लिहिलाय मेल" हे वाक्य खरं ठरावं म्हणून.

आता जागेचा प्रश्न. आउटलुकची पीएसटी फाइल (सगळे मेल जिच्यात साठतात ती) पूर्वी २ जीबीच्या पुढे गेली की आडवी पडायची. त्या भीतीने का होईना, लोक अधूनमधून साफसफाई करायचे. २००३च्या आउटलुकपासून फाइलचा नवा प्रकार आला आणि मर्यादा २० जीबी झाली, २०१०पासून ५० जीबी. मग कसली साफसफाई! आता सगळ्या नोकरीचा इतिहास एकाच फाइलीत, तीही सी ड्राइव्हवर, बॅकअप नाही. हार्ड डिस्क गेली की दुसऱ्या दिवशी सगळ्यांना मेल टाकायचा, "कृपया मागील तीन वर्षांचे सर्व मेल मला पुन्हा पाठवावेत." असा मेल मला खरोखर आलेला आहे. मी पाठवलेही.

आउटलुकऐवजी थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम वापरत असाल तर आणखी मजा. त्यात पुसलेल्या मेलवर नुसती पुसल्याची खूण होते, मेल फाइलीतच राहतो, कॉम्पॅक्ट केल्याशिवाय जागा मोकळी होत नाही. प्रोग्राम आपणहून विचारतो, कॉम्पॅक्ट करू का? तुम्ही कायम 'नाही' म्हणा, कारण घाई आहे. मग एक दिवस डिस्क भरते आणि तुम्ही प्रोफाइलच्या फोल्डरात, म्हणजे थंडरबर्ड मेल साठवतो तिथे, शिरता. तिथे प्रत्येक फोल्डरच्या दोन फाइली असतात. एक चिमुकली, शेवटी एमएसएफ असलेली. दुसरी भलीमोठी, जिला एक्स्टेन्शनच नाही. चिमुकली ही नुसती अनुक्रमणिका, ती गेली तरी परत तयार होते. एक्स्टेन्शन नसलेली मात्र निरुपयोगी दिसते, शिवाय जागाही तीच खाते. तीच उडवा. तुमचे सगळे मेल तिच्यात होते हे मागाहून समजेल.

आता मुख्य विद्या. आउटबॉक्स.

आउटबॉक्स, म्हणजे जायचे मेल जिथे रांगेत थांबतात तो फोल्डर, कुठे असतो हे माहीत करून घेऊ नका. आउटलुकमध्ये तो फोल्डरांच्या यादीत तळाकडे असतो, थंडरबर्डमध्ये तर 'लोकल फोल्डर्स'च्या आत. थंडरबर्डमध्ये कंट्रोल-एंटरने मेल जातो आणि त्यात शिफ्टवर बोट पडलं की तोच मेल 'नंतर पाठवा' म्हणून आउटबॉक्समध्ये बसून राहतो. फाइल मेन्यूत न पाठवलेले मेल पाठवायची सोय आहे, पण आपल्याला कुठे माहीत आहे की काही न पाठवलेलं आहे! खिडकी मिटली, म्हणजे मेल गेला.

सेंड दाबलं की त्याच झटक्यात लॅपटॉपचं झाकण लावायचं. प्रोग्राम नीट बंद केला असता तर त्याने निदान विचारलं तरी असतं की बाबा, एक मेल जायचा आहे, थांबू का? झाकण लावल्यावर तो कुणाला विचारणार? आणि अटॅचमेंट शक्य तेवढी जाड जोडायची. मेलमधून फाइल जशीच्या तशी जात नाही, अक्षरांत रूपांतर होऊन जाते, तीन बाइटचे चार होतात. २१ एमबीची फाइल वाटेला लागताना २८ एमबी झालेली असते. मेल पाठवणाऱ्या आपल्या सर्व्हरची मर्यादा २५ असेल तर तो तिला दारातूनच परत पाठवतो. कोपऱ्यात कुठेतरी एररची बारीक ओळ येते. ती वाचायची नाही.

आणि समजा शंका आलीच की मेल गेला का, तर आउटबॉक्समध्ये जाऊन त्यावर डबल-क्लिक करून बघायचं. आउटलुकमध्ये रांगेतला मेल तिरक्या अक्षरांत दिसतो. उघडून बघितला की अक्षरं सरळ होतात आणि मेल रांगेतून बाहेर पडतो. पुन्हा सेंड दाबेपर्यंत तो तिथेच. म्हणजे गेला का हे बघायच्या नादात तुम्ही स्वतःच त्याला अडवता. इतकं सुंदर यंत्र माणसाने दुसरं केलं नसेल.

वर सांगितलेले थोर पुरुष आमचे एक सप्लायर आहेत. मी परचेसमध्ये आहे, भोसरीला. आमच्याकडे गुरुवारी सुट्टी असते, सगळ्या औद्योगिक पट्ट्यालाच असते, त्यांनाही. फिक्श्चरचं (मशीनवर जॉब पकडून ठेवणाऱ्या साधनाचं) कोटेशन बुधवारी संध्याकाळी सहापर्यंत द्यायचं होतं, कारण शुक्रवारी सकाळी अकराला साहेबांसमोर सगळ्यांच्या रेटचा तक्ता ठेवायचा होता. बाकीच्यांचे आले. ह्यांचं नाही. शुक्रवारी साडेनऊला मी फोन केला.

"मॅडम, बुधवारीच पाठवलंय की! सहाच्या आत."

आलं नाही म्हटलं.

"स्पॅममध्ये बघा ना."

बघितलं. नाही.

"जंक वेगळं असतं, ते बघितलं का? आणि मॅडम, तुमचा मेलबॉक्स फुल असेल. क्लीन करत जा अधूनमधून."

हे मला. आयटीतल्या पोराला बोलावलं, त्याने सर्व्हरचा लॉग काढला. त्यांच्याकडून बुधवारपासून एक अक्षर आलेलं नव्हतं. परत फोन. आता आवाज जरा चढलेला. "आमच्याकडून गेलेलं आहे. तुमच्या साइडचा प्रॉब्लेम आहे." अकरा वाजले. मीटिंगमध्ये तक्त्यात एक रकाना मोकळा, आणि साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, तुमचं मेलकडे लक्ष असतं ना? ते तर पाठवलं म्हणतायत." कारण ह्या गृहस्थांनी तोवर परस्पर साहेबांना फोन करून सांगितलं होतं की मॅडमना मेल सापडत नाहीये.

दुपारी त्यांनी व्हॉट्सॲपवर पुरावा धाडला. स्क्रीनशॉट. माझा पत्ता, विषय, बुधवारची पावणेसहाची वेळ, खाली ड्रॉइंगच्या फाइली, सगळं मिळून ३१ एमबी. सोबत एक ओळ: 'प्लीज सी.' बघितलं. स्क्रीनशॉटच्या डाव्या बाजूला त्यांची फोल्डरांची यादी आली होती, 'मिसलेनियस २'सकट, आणि त्यात निळ्या पट्टीत निवडलेला, ठळक अक्षरांत, शेजारी कंसात एक आकडा असलेला फोल्डर होता आउटबॉक्स. म्हणजे हा माणूस आउटबॉक्समध्ये उभा राहून, आउटबॉक्सचा फोटो काढून, मेल पोचल्याचं मला सिद्ध करून दाखवत होता! मी त्या शब्दाभोवती लाल गोल काढून फोटो परत पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. अर्ध्या तासाने झिप फाइलींचे तीन मेल आले आणि शेवटच्यात लिहिलेलं: 'ड्यू टू नेट इश्यू.'

रेट सगळ्यात जास्त होता. ते जाऊ दे.

ते जाऊ दे कसं म्हणू? अहो, सेंड हे बटण दाबलं म्हणजे मेल गेला असं नसतं, एवढं वीस वर्षं कॉम्प्युटरवर बसून कळलं नाही तुम्हाला? मेल आधी आउटबॉक्समध्ये जातो, तिथून सर्व्हरकडे, आणि सर्व्हरने घेतला की मग सेंट आयटम्समध्ये दिसतो. सेंटमध्ये दिसत नाही म्हणजे गेलेला नाही. त्यात इंटरनेटचा दोष नाही, माझ्या मेलबॉक्सचा नाही, माझ्या लक्षाचा तर मुळीच नाही. तुम्ही स्वतःचं एक फोल्डर उघडून बघायचे कष्ट घेतले नाहीत आणि तेवढ्यासाठी दुसऱ्या माणसाला त्याच्या साहेबांसमोर खोटं पाडलंत. वर मेलबॉक्स साफ ठेवायचा उपदेश! आणि चूक कळल्यावर 'सॉरी' हे दोन अक्षरांचं काम होतं, तिथेही नेट.

फाइल मोठी असेल तर गूगल ड्राइव्हवर टाका आणि लिंक पाठवा, नाहीतर तुकडे करा. झाकण लावायच्या आधी सेंट आयटम्स उघडा. मेल तिथे दिसला नाही तर घरी जाऊ नका. दिसला तर मग खुशाल फोन करा, मी तुमच्या देखत स्पॅम, जंक, कचऱ्याचा डबा सगळं उपसून दाखवते. आणि माझ्या साहेबांना परस्पर फोन करायचा नाही. माझा नंबर आहे तुमच्याकडे.